आत उघडणारं दार

स्वतःच्या हातांनी घर बांधणारा माणूस कधीच मरत नाही. मागच्या महिन्यात कराडला नदीवर, तुमच्या रक्षाविसर्जनाच्या वेळी, एका वक्त्यांनी हे माइकवरून सांगितलं. त्यांच्या पुढ्यात तुमची रक्षा होती, त्यामुळं विधान जरा घाईचं वाटलं. शिवाय ते घर तुमचं नव्हतं, आपल्या सासऱ्यांचं होतं. तुम्ही ते बांधलंही नव्हतं. मागच्या बाजूला एक खोली आणि न्हाणीघर वाढवलं होतं, तेही माझ्याशी भांडत भांडत. आणि सुभेदार, त्याच न्हाणीघरात तुम्ही गेलात. वक्त्यांना यातलं काही ठाऊक नसावं. त्यांनी तुमचं वर्णन करताना सीमा, बर्फ आणि शौर्य हे शब्द वापरले. तुमची सगळी नोकरी इंजिनिअर पलटणीत पूल टाकण्यात आणि रस्ते उकरण्यात गेली, हे त्यांना सांगावंसं वाटलं, पण रांग मोठी होती आणि अजून चार वक्ते बोलायचे होते.

कराडजवळ तुमच्या मलकापूरच्या चौकात तुमचा फ्लेक्स लागला आहे. त्यात तुम्ही गॉगल घालून आभाळाकडं बघताय. खाली शोकाकुल मंडळींचे फोटो आहेत, त्यातले दोघे हसताहेत. मी तिथं स्कूटर उभी करून बराच वेळ बघत राहिलो. दुःख झालं असं म्हणता येणार नाही. हा माणूस कोण, असं वाटलं. माझ्या ओळखीचे सुभेदार बनियनवर, कानावर पेन्सिल आणि नाकावर सिमेंट घेऊन असतात. असतात, असंच अजून लिहितोय मी. काल सांगलीत हार्डवेअरच्या दुकानात उभा होतो. दुकानदारानं विचारलं, पाइपाची एल्बो अर्धा इंची की पाऊण? मी खिशातून फोन काढला आणि तुम्हाला लावला. शालनताईंनी उचलला. मागून दुकानदारानं पुन्हा तेच विचारलं. त्या म्हणाल्या, "त्यांनी अर्धीच वापरलीया सगळीकडं." मग दोघांनीही फोन ठेवला नाही.

तुम्हाला आठवत असेल, आपली ओळख चाळीस वर्षांची आणि मैत्री एका हिवाळ्याची. तोवर आपण साडू होतो. साडू म्हणजे अशी दोन माणसं, ज्यांना एकमेकांची निवड करायची संधी कुणी दिलेली नसते. शालनताई तुम्हाला दिल्या, धाकटी मंगल मला दिली, आणि पुढं प्रत्येक लग्नात, बारशात, श्राद्धाला आपल्याला शेजारी शेजारी बसवण्यात आलं. तुम्ही मला विचारायचा, माझ्या ग्रंथालयात गर्दी असते का. मी तुम्हाला विचारायचो, ऊस तुटला का. उत्तरं दरवर्षी सारखीच असायची आणि दोघांचंही समाधान व्हायचं.

मग मागच्या पावसाळ्यात मामी, आपल्या सासूबाई, घसरल्या. आष्ट्याच्या त्या सासरच्या घरात संडास मागच्या परड्याच्या टोकाला, जायची वाट शेवाळलेली. हाड मोडलं नाही, पण मामी पंच्याऐंशीच्या पुढच्या आणि घरात एकट्या. दोन्ही लेकींनी ठरवलं की आईनं आता सहा महिने मलकापूरला आणि सहा महिने सांगलीला राहायचं. मामींनी ऐकून घेतलं आणि त्या चुलीकडं तोंड करून म्हणाल्या की लेकीच्या दारात चार दिस जायचं असतं, मराया जायचं नसतं. विषय संपला. परत येताना आष्ट्याच्या स्टँडवर चहा पिताना तुम्ही मला म्हणालात, "साडू, म्हातारी हितनं हलायची न्हाई. मग संडासच हलवूया की."

मला वाटलं गवंडी बघायचं म्हणताय. गवंडी आलाही. त्यानं पाया आखला, तंबाखू मळली, आणि दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला मोठं काम लागलं म्हणून गेला तो गेलाच. तेव्हा तुम्ही जाहीर केलंत की आपण दोघं बांधू. पलटणीत आमी पूल बांधल्यात, असं तुम्ही म्हणालात. मी म्हणालो, पूल बांधून पलटण पुढं निघून जाते, इथं माणसाला मागं राहायचंय. तुम्ही हसलात आणि माझ्या हातात घमेलं दिलंत.

जुन्या घराला नवी भिंत जोडणं म्हणजे काय, हे मला तोवर माहीत नव्हतं. तुम्ही ओळंबा सोडलात आणि कळलं की सासऱ्यांच्या घरात एकही कोपरा काटकोनात नाही. मातीत रचलेली वीटभिंत वर्षानुवर्षं परड्याकडं झुकत आली होती. नवी भिंत सरळ, जुनी भिंत कलती. मधल्या फटीत वर बोट जात होतं आणि खाली मूठ. तुम्ही तासभर त्या फटीकडं बघत उभे होता. मग म्हणालात, चूक कुणाचीच न्हाई, दोघी आपापल्या जागी बरोबर हायत. हे मी नंतर बऱ्याच लोकांना ऐकवलं, माझं म्हणून.

पण खरी अडचण भिंतीची नव्हती. खरी अडचण ही की त्या घरात आपण पाव्हणे होतो. चाळीस वर्षांनीही तुम्ही थोरलं पावनं आणि मी धाकटं पावनं. जावयानं सासरी घमेलं उचलायचं, हे मामींना सहन होईना. गल्लीतले लोक येऊन परड्याच्या कुडावरून बघून जायचे. शेजारचा संपत तर उघड विचारायचा की पावन्यांना जेवान घालताय का रोजाची हाजरी देताय. मामींनी त्यावर उपाय काढला तो पाहुणचाराचा. सकाळी शिरा. दुपारी पुरणपोळी, नाहीतर कोंबडं. पोळीवर इतकं तूप की त्यानंतर पायाड चढणं शक्यच नव्हतं. आपण नव्या खोलीच्या उघड्या चौथऱ्यावर आडवे व्हायचो आणि कालवलेला माल घमेल्यात घट्ट व्हायचा. शिवाय प्रत्येक टप्प्याला मान. पाया भरला, टॉवेल-टोपी. चौकट बसली, टॉवेल-टोपी. पत्रे चढले, टॉवेल-टोपी. शेवटी तुम्ही ते सगळे टॉवेल भिजवून ओल्या गिलाव्यावर पसरलेत, पाणी धरून राहावं म्हणून. मामींनी ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी नवे टॉवेल आणले.

त्या महिन्यांत मी तुमच्याशी जितका भांडलो तितका मंगलशी संसारभर भांडलो नाही. उतार किती द्यायचा, पायरी की रॅम्प, खिडकी कुठं. मी कुठंतरी वाचलेलं सांगायचो. तुम्ही म्हणायचा, "पुस्तकं वाचून मानूस फकस्त उशीर करायला शिकतोय." हे तुमचं वाक्य तुम्हाला इतकं आवडलं होतं की ते म्हणण्यासाठी तुम्ही मला मुद्दाम वाचलेलं काहीतरी विचारायचा. मला हे कळत होतं. मी तरी सांगायचो.

आणि मग दार.

न्हाणीघराचं दार स्वैपाकघराच्या मागच्या भिंतीत पाडायचं होतं, दुसरीकडं जागा नव्हती. त्याच भिंतीत, दारालगत, देवाचा कोनाडा. भिंतीपलीकडं न्हाणी येणार, हे मामींनी मोठ्या मनानं मान्य केलं होतं. पाणी देवालाही लागतंच, असं त्यांचं म्हणणं. संडासाचं भांडं मात्र लांबच्या टोकाला. एवढ्यावर तह झाला होता. पण दार बाहेर उघडलं की त्याचं पान बरोबर कोनाड्यावर येऊन बसत होतं आणि देव झाकले जात होते. दुसऱ्या बाजूला बिजागऱ्या लावाव्यात तर दार ओट्यावर आपटत होतं. मामी वाती वळत बसल्या होत्या. आपण दोघं त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभे. जावयांशी त्या थेट बोलत नसत, म्हणून वातींना म्हणाल्या, "संडासाचं दार देवाच्या अंगावर नको म्हनावं पावन्यास्नी. आत उघडू दे."

मी तुम्हाला परड्यात घेऊन गेलो. म्हणालो, म्हाताऱ्या माणसाच्या न्हाणीघराचं दार कधीही बाहेर उघडणारं असावं. माणूस आत पडलं तर दाराला टेकून पडतं, मग बाहेरून ढकलता येत नाही. तुम्ही म्हणालात की धरायला दांडे बसवलेत, फरशी खरबरीत घेतलीय, आतून कडी ठेवलेली नाही, मामी पडणार नाहीत. मी म्हणालो, मग देव हलवू. तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत जसं मी सीमेपलीकडून आलोय. देव तुम्ही मानत नव्हता, मीही नाही. दोन नास्तिक परड्यात उभे राहून देवाच्या सोयीबद्दल भांडत होते आणि संपत कुडावरून ऐकत होता.

शेवटी तुम्ही खाली बसलात, वीट उचलली, ठेवली, आणि हळू आवाजात म्हणालात, "साडू, चाळीस वर्सं म्हातारी आपल्याला देतच आलीया. मागितलंय काय कवा? पयल्यांदा तोंडातनं शबुद काडलाय तिनं. न्हाई कसं म्हनायचं?"

याला पुस्तकात उत्तर नव्हतं. दार आत उघडणारं बसलं.

न्हाणीघर पुरं झालं तो दिवस कसा होता ते तुम्हाला सांगायला नको, पण शेवटचा भाग तुम्ही पाहिला नाहीत. फरशी सुकली होती. नळाला पाणी आलं होतं. मामींनी पहिल्यांदा वापरावं अशी आपली दोघांची इच्छा. मामी म्हणाल्या, असं कुठं असतं, पयला मान थोरल्या पावन्यांचा. शालनताई आणि मंगल हसत होत्या. मामींनी तुम्हाला पाटावर उभं केलं, कुंकू लावलं, खांद्यावर नवा टॉवेल दिला. तुम्ही दारातून वळून मला सॅल्यूट ठोकलात आणि आत गेलात. बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला, मग तुमचं ते सुराशी वैर असलेलं गुणगुणणं. मग धप्प झालं. मला वाटलं बादली पडली. मी ओट्याला टेकून ओरडलो, "काय ओ सुभेदार, फरशीची लेव्हल तपासताय काय?"

हे माझं तुमच्याशी शेवटचं बोलणं. सगळ्या बायका हसल्या.

मग मी दार ढकललं. बोटभर उघडलं आणि अडलं. दगडाला अडतं तसं नाही. मऊ अडलं. सुभेदार, मी हे कुणाला सांगितलेलं नाही. त्या अडण्यात वजन होतं आणि ते ओळखीचं होतं. माझ्या तळहाताला ते अजून लागतंय. चहाचा कप धरताना लागतंय, हे लिहितानाही. मी खांदा लावला नाही, कारण पलीकडं तुमचं डोकं असेल तर, असं मनात आलं. मी नुसता उभा राहिलो. एवढं वाचलेला माणूस, नुसता उभा.

संपत कुडावरून उडी टाकून आला. त्यानं परड्याच्या बाजूनं पहार घातली. भिंत तुमची, सिमेंट सढळ. पहार उडून परत येत होती आणि भिंतीचा टवका निघत नव्हता. झरोक्यातून हात जात होता, माणूस नाही. संपत घामाघूम होऊन म्हणाला की काय बांधलंय वो हे, किल्ला का काय. तो आत आला, स्वैपाकघरात, आणि त्यानं जुनी भिंत ठोकून बघितली. सगळ्यांत पातळ कुठं, तर कोनाड्यात. तिथं भिंत निम्मीच होती. त्यानं कोनाड्याकडं बघितलं, मग मामींकडं, आणि पहार खाली केली.

मामी पुढं आल्या. त्यांनी पदर पसरला, देव एकेक करून त्यात घेतले, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, जोतिबाचा टाक, सगळे, आणि बाजूला झाल्या. म्हणाल्या, "फोड रं."

चार घावांत भिंत पडली. ज्या भिंतीला तुम्ही रोज नावं ठेवत होता, तिनंच वाट दिली.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पडायच्या आधीच संपलं होतं. दार उघडं असतं तरी फरक पडला नसता. तरुण मुलगा होता, चांगला वाटला. चांगले डॉक्टर नातेवाइकांना हेच सांगतात, हेही मला माहीत आहे. मी त्याच्यावर विश्वास ठेवायचं ठरवलं आहे. तुमच्यासारखाच निर्णय. दुसऱ्याला बरं वाटावं म्हणून घेतलेला. फक्त दुसरं माणूस कोण, हे मला अजून नीट कळलेलं नाही.

रक्षाविसर्जनाहून मी आष्ट्याला गेलो. मामी ओट्याशी बसल्या होत्या. देव नव्या खोलीत तिवईवर. भिंतीत माणूस जाईल एवढं भगदाड, आणि त्याच्या शेजारी तुमचं दार, अगदी गुण्यात, नेमक्या काटकोनात, चौकटीत बसलेलं. आता कुणीही दाराकडं न बघता भगदाडातून आत जाऊ शकत होतं. मामींनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला नाही. वातींशी बोलल्या नाहीत. चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं बघून विचारलं, "पावनं, दार भाईर उघडत असतं तर?"

मी म्हणालो, "काही फरक पडला नसता, मामी. डॉक्टर म्हणाले."

"डाक्टर काय म्हनला त्ये न्हाई इचारलं. तुमी सांगा. परड्यात तुमी दोघं भांडत हुता. मला ऐकू येत हुतं."

सुभेदार, तुम्ही असता तर काय म्हणाला असता? तुम्ही एखादं वाक्य काढलं असतं, दोघी भिंती आपापल्या जागी बरोबर आहेत असलं काही, आणि ते खोटं वाटलं नसतं. मला तसं बोलता येत नाही. मी म्हणालो, "मला माहीत नाही, मामी."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, "देवाला दिसू नये म्हनून दार आत घेतलं. देवानं बघितलंच की समदं." आणि थोड्या वेळानं, जसं दळणाबद्दल बोलावं तसं, की आता त्या मलकापूरला जातील, शालनजवळ, या घराला कुलूप लावून टाका.

म्हणजे आपण ज्यासाठी हिवाळाभर घमेली वाहिली तेच संपत होतं. पण शालनताई आतून आल्या. कपाळ मोकळं, आवाज तुमच्यासारखा. मला क्षणभर तुम्हीच आलात असं वाटलं. त्या म्हणाल्या, "आई, मी यायची तुझ्याकडं हितं. मलकापूरच्या घरात मला एकटीला बसवत न्हाई. त्यांनी ही खोली बांधलीया ना, मग त्यात मानूस ऱ्हायला पायजे. न्हाई तर त्यांनी काय तुझ्या परड्यात किल्ला बांधला व्हय?" मामींनी विचारलं की तुझं अंथरूण कुठल्या बाजूला टाकायचं. त्यांच्याकडून होकार असाच येतो.

नव्या खोलीत सध्या लेक झोपते आणि आई तिच्या शेजारी. लेकीच्या दारात आई जाणार नव्हती; लेक आईच्या दारात आली. यात कुणाचा विजय, हे तुम्ही ठरवा. तुमच्या बाजूनं बोलणारं आता कुणी नाही, म्हणून मीच तुमच्या बाजूनं बोलतो अधूनमधून, आणि हरतो.

भगदाड मी बुजवलं. चांगलं नाही जमलं. फुटलेल्या फरशीच्या पातळीसाठी तुमची ती पाण्यानं भरलेली, पातळी दाखवणारी नळी काढली, एक टोक भिंतीला लावलं, आणि दुसऱ्या टोकाकडं बघितलं. ती एकट्यानं लावता येत नाही. दुसरं माणूस लागतं, 'वर, अजून वर, हां, बास' म्हणणारं. संपतनं धरली शेवटी. तो 'बास' म्हणाला तेव्हा पातळी बरोबर होती, तरी मी त्याला पुन्हा बघायला लावलं. देव मामींनी पुन्हा कोनाड्यात बसवले नाहीत. कोनाडा मी ठेवलाच नाही, सलग भिंत घेतली. म्हणजे आता दार बाहेर उघडायला हरकत नव्हती. मी बिजागऱ्या सोडवल्या, दार उतरवलं, चौकट तासायला घेतली, आणि मामी म्हणाल्या, राहू दे.

मी म्हणालो, राहू दे म्हणजे?

"मला आता आतनं दार लावून घ्यायचं न्हाई. पडदा लावा."

शालनताईंनी पडदा शिवला. तुमच्या मानाच्या टॉवेलांतले दोन जोडून. पायाचा की चौकटीचा मान, ते मी विचारलं नाही. मामी तिथं आंघोळ करतात, शालनताई ओट्याशी उभ्या राहून त्यांच्याशी मोठ्यानं बोलत राहतात, आणि आतून उत्तर आलं नाही की लगेच 'आई' म्हणतात. आतून वैतागून ओ येते. मी तिथं असलो की मीही त्या ओची वाट बघतो. आपण कशासाठी भांडत होतो, ते तेव्हा मला नीट कळतं, आणि तुम्हाला सांगायला म्हणून वळतो.

पुढच्या आठवड्यात तुमच्या नावानं त्या नव्या खोलीवर संगमरवरी पाटी बसवायचं माजी सैनिकांच्या मंडळानं ठरवलं आहे. कार्यक्रमाला ते वक्ते येणार आहेत. त्यांनी मला विचारलं की दारही जपून ठेवलंय ना, त्याचाही भाषणात उल्लेख करता येईल. मी हो म्हणालो.

दार जपून ठेवलं आहे. परड्यात चार विटांवर आडवं टाकलंय, त्यावर मामींनी तुरीची डाळ वाळत घातली आहे. फायबरचं असल्यामुळं लवकर तापतं. डाळ दोन उन्हांत वाळते.